सहावा ठिपका

कवडसा आमच्या खरसवाडीच्या उपकेंद्रात आला त्या पहिल्याच दिवशी त्याने सत्तर बायकांपैकी एकसष्ट जणींना त्वचेचा कॅन्सर असल्याचा संशय जाहीर केला. तोही माझ्या आवाजात.

आवाजाचं असं झालं. कवडसा हे टॉर्चएवढं यंत्र. ते कातडीवरून फिरवायचं आणि ते काय दिसलं ते बोलून दाखवतं. पुण्यातल्या प्रयोगशाळेत ते बनवणारी इंजिनिअर सलमा मुजावर मूळची आमच्याच सांगली जिल्ह्यातली. परक्या आवाजाला गावातल्या बायका बुजतील म्हणून तिने माझा आवाज भरून घेतला. मी स्वप्नाली ऐवळे, आरोग्यसेविका. खरसवाडी आणि आजूबाजूच्या चार वस्त्यांवर सोळा वर्षं नोकरी झालेली. माझा आवाज तिथल्या कुत्र्यांनासुद्धा ओळखता येतो.

तर त्या दिवशी मी एकेकीच्या अंगावरून कवडसा फिरवत होते आणि माझाच आवाज दर दोन मिनिटांनी सांगत होता, "डाव्या मनगटावर संशयास्पद डाग. लवकर डॉक्टरांना दाखवा." दहाव्या बाईपर्यंत रडारड सुरू झाली. एकीने तिथूनच सुनेला फोन लावून धान्याच्या कोठीची किल्ली कुठे आहे ते सांगितलं. शेवटी रांगेतून एक म्हातारी ओरडली, "अगं शिस्टर, समद्यास्नी एकाच दिशी कसा गं झाला? काय लगीन हाय का?"

तेव्हा माझं डोकं ठिकाणावर आलं. मी यंत्राच्या पडद्यावर लाल निघालेल्या जागा नीट पाहिल्या. कपाळ, हनुवटी, मनगट, घोटा. यंत्राने जिथे जिथे बोट ठेवलं होतं, तिथे तिथे गोंदण होतं.

मी तिथूनच सलमाला फोन केला. ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. त्यांनी यंत्र तपासलं होतं पुण्यातल्या लोकांवर. त्यांच्या अंगावर रंगीत टॅटू होते, दिव्याच्या काजळीचं गोंदण एकाच्याही नव्हतं.

तिने मला जे समजावलं ते मी पुढे शेकडो बायकांना सांगितलं. कातडीवर उजेड टाकला की सगळा वरच्यावर परत फिरत नाही. निळा प्रकाश अगदी वरच्या थरात अडतो, लाल जरा खोल जातो, आणि लालच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा, दोन-तीन मिलिमीटर आत फिरून येतो. निरोगी कातडीत पेशी थरावर थर नीट लागलेल्या असतात. कॅन्सरच्या पेशींची केंद्रकं मोठी आणि वेडीवाकडी होतात, थर विस्कटतात, त्यामुळे परत येणारा उजेडही वेगळ्या तऱ्हेने विखुरतो. माणसाच्या डोळ्याला हा फरक कळत नाही. कवडशाला कळतो, कारण त्याने लाखो डागांवरून परतलेला उजेड लक्षात ठेवलेला आहे. काजळी मात्र सगळाच उजेड गिळते. यंत्राला दिसतो तो फक्त कातडीत खोल उतरलेला काळा रंग. आणि कातडीत खोल उतरलेला काळा रंग म्हणजे मेलानोमा, त्वचेच्या कॅन्सरांतला सगळ्यात घातकी.

"मग आता काय करायचं गं?" मी विचारलं.

"गोंदण ओळखायला शिकवायचं त्याला," सलमा म्हणाली. "तुम्हाला गोंदणातलं कळतं का, ताई?"

कळत होतं. कारण मीच ते आमच्या भागात बंद पाडलं होतं.

त्याला बारा वर्षं झाली. तेव्हा एका वस्तीवर कावीळ पसरली होती. यादी काढली तर आजारी बायकांपैकी तिघींनी नुकतंच जत्रेत गोंदून घेतलेलं. गोंदणारीण होती बायडाबाई. तीन सुया दोऱ्याने एकत्र बांधून ती गोंदायची, आणि त्याच सुया पुढच्या बाईला. मी आरोग्य अधिकाऱ्यांना घेऊन तिच्या पालावर गेले, सुयांची डबी जप्त केली आणि परत गोंदणार नाही असा तिच्याकडून अंगठा घेतला. तिचं काम गेलं आणि मला शाबासकी मिळाली. सुयांचं म्हणाल तर माझं बरोबरच होतं. पण तिच्या तोंडाकडे मी त्या दिवशी नीट पाहिलं नव्हतं, ते पुढे पाहावं लागलं.

असो. गोंदण कुठे कुठे काढतात, ठिपके कसे ओळीने किंवा गोलात येतात, तुळस कशी, चूल कशी, हे सगळं मी सलमाला सांगितलं. त्यातून आम्ही नियम केला. काळा डाग गोंदणाच्या जागी असेल, गोंदणाच्या आकारात बसत असेल किंवा नक्षीच्या बोटभर अंतरात असेल, तर कवडशाने तो सोडून द्यायचा आणि म्हणायचं, "गोंदण आहे. काळजी नको." हे वाक्यही मीच भरलं. चार वेळा भरलं, कारण सलमाला ते अजून प्रेमळ हवं होतं. त्या नियमाला पुण्यात खरसवाडी नियम असं नाव पडलं आणि तो राज्यभरातल्या कवडशांत गेला. जिल्ह्याच्या ठिकाणी माझा सत्कार झाला. शाल अजून कपाटात आहे.

आणि खोटं कशाला बोलू, कवडसा होताच गुणाचा. पहिल्या वर्षात त्याने जे केलं ते पाहून मी थक्क व्हायची. आमच्याकडची निम्मी घरं गलाईवर चालतात, म्हणजे सोनं-चांदी शुद्ध करायच्या धंद्यावर. पुरुष तमिळनाडू, केरळ, बंगाल, कुठे कुठे दुकानं टाकून बसलेले. माझा नवराही कोइमतूरला. त्यांच्यातले एक शिवदासभाऊ सुट्टीला आले होते. वीस वर्षांपूर्वी भट्टीत भाजलेल्या हातावर जुना वण, त्यावर गेले चार महिने एक जखम भरत नव्हती, कडा फुलकोबीसारख्या उचललेल्या. ते रोज हळद लावत होते. कवडसा म्हणाला, स्क्वॅमस पेशींचा कॅन्सर. जुन्या भाजलेल्या वणावर, वर्षानुवर्षं घासल्या जाणाऱ्या जागी तो उगवतो. आमच्याच एका काकूंच्या कमरेला परकराच्या नाडीच्या करकोच्यात तो सापडला. तेव्हापासून मी बायकांना नाडी रुंद वापरा, गाठ रोज जागा बदलून मारा म्हणून सांगत फिरते आणि पोरी मला हसतात.

मेंढरं राखणाऱ्या एका बाबांच्या नाकाच्या बाजूला मोत्यासारखा चकचकीत फोड होता. खपली धरायची, पडायची, रक्त यायचं, परत धरायची. तीन वर्षं. हा बेसल पेशींचा, सगळ्यात संथ. जीव सहसा घेत नाही, पण दुर्लक्ष केलं तर नाक पोखरतो. तिघंही वेळेवर डॉक्टरांकडे गेले, तिघंही बरे आहेत. मेलानोमा तेवढा सापडायचा राहिला होता. मी सगळ्यांना तळपाय, तळहात, नखाखालची काळी रेघ बघायला सांगत होते, कारण आपल्या लोकांत तो जास्त करून तिथेच येतो. डाग अर्धा झाकून बघा, दोन्ही अर्धे सारखे आहेत का? कड नीट आहे का फाटकी? रंग एकच का दोन-तीन? पेन्सिलीच्या टोकामागच्या रबरापेक्षा मोठा आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो बदलतोय का? हे मी इतक्या वेळा म्हटलं की आत्यांना ते पाठ झालं.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, सगुणाबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणायची पद्धत. नवरा परराज्यात, मुलगी हॉस्टेलला, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. सत्तरीची बाई, तरतरीत, माझ्या नोकरीचा अभिमान बाळगणारी आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवणारी.

एका सकाळी मी डबा भरत होते. आत्या उंबऱ्यावर बसून पाय चोळत होत्या.

"सपना, ह्ये बघ गं. घोट्यापाशी माझं पाच ठिपकं हायत का न्हाईत?"

"आहेत की."

"आता सा हायत."

मी वाकून पाहिलं. आतल्या बाजूच्या घोट्याखाली अर्धगोलात काळसर ठिपके. मी मोजलेसुद्धा नाहीत. "गोंदण फुटतं आत्या म्हातारपणी. पसरतं. कवडसा फिरवलाय ना तुमच्यावर जूनमध्ये?"

"फिरवलास की. गोंदण हाय म्हनला."

"मग झालं तर."

पण त्या हटून बसल्या. मी कवडसा पेटीतून काढला आणि पायावर धरला. माझा आवाज प्रेमाने म्हणाला, "गोंदण आहे. काळजी नको."

"ऐकलंत?"

"ऐकलं," आत्या म्हणाल्या. "तूच तू बोलतीस आणि तूच तू ऐकतीस. माझं कोन ऐकतंय?"

मला राग आला. उशीर होत होता. मी म्हणाले, "चाळीस हजार बायका तपासल्यात या यंत्राने. तुम्हाला त्यापेक्षा जास्त कळतं का?" आणि निघून गेले.

हे वाक्य मी आता परत घेऊ शकत नाही, म्हणून जसंच्या तसं लिहिलं आहे.

त्यानंतर दोन महिने त्यांनी तो विषय काढला नाही. मीही विसरले. मग एक दिवस दुपारी मी उपकेंद्रातून घरी आले तर ओसरीवर आत्या एका वाळलेल्या म्हातारीला चहा देत होत्या. म्हातारीच्या कपाळापासून कोपरापर्यंत हिरवं गोंदण. मी दारातच थांबले. बायडाबाई.

आत्या एसटीने विट्याला गेल्या होत्या, तिथून विचारत विचारत तिची वस्ती गाठली होती आणि तिला घेऊन आल्या होत्या. सत्तरीच्या बाईने ऐंशीच्या बाईला.

"ये शिस्टर," बायडाबाई म्हणाली. जणू काही झालंच नव्हतं. "सासू म्हनती ठिपका जास्तीचा झालाय. मी म्हनलं, दाव."

आत्यांनी पाय पुढे केला. बायडाबाईने तो मांडीवर घेतला, थुंकी लावून अंगठ्याने पुसला आणि एक एक ठिपका बोटाने दाबत गेली.

"ह्यो माझा. ह्यो माझा. ह्यो, ह्यो, आन ह्यो. पाच. घोट्याला मी पाचच देती. तवा तू नऊ-धा वर्साची व्हतीस, तुजी आय पाय धरून बसली व्हती आन तूच तिला लाथ मारलीस." आत्या हसल्या. मग बायडाबाईचं बोट थांबलं. "ह्यो माझा न्हाई."

"मावशी, पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं तुम्हाला कसं आठवेल?" मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला तेवढा ठाम आला नाही.

"आठवायचं कशाला? बघ की." तिने माझा हात ओढून मला खाली बसवलं. "काजळी कातडीच्या खाली बसती. वरनं कातडं झाकतंय तिला. म्हनून वरीसभरात गोंदन हिरवं पडतंय. माझं कंदीच काळं ऱ्हात न्हाई. ह्यो काळा हाय. मधी तपकिरी. ह्या अंगाला पसारलाय. ह्यो खालनं आलेला न्हाई बाय, वरनं उतरतोय."

मी पाहिलं. पाच ठिपके जुन्या शाईसारखे हिरवट निळे, गोल. सहावा त्यांच्यामध्येच, काळा-तपकिरी, एका बाजूला कड फाटलेली. अर्धा झाकला तर दोन्ही अर्धे सारखे नव्हते. गावभर पाठ म्हणवून घेतलेला धडा माझ्याच उंबऱ्यावर उघडा पडलेला होता आणि मी तो वाचला नव्हता.

सलमाने मला एक गुप्त अंक दिला होता, नियम तात्पुरता बंद करायचा. मी तो दाबला. कवडसा आधी पाच ठिपक्यांवरून फिरवला. पाचही लाल. मग सहाव्यावर. तोही लाल, पण पडद्यावरचे आकडे वेगळे होते. माझाच आवाज म्हणाला, "संशयास्पद डाग. लवकर डॉक्टरांना दाखवा." या वेळी मला तो आवाज ऐकवेना. मी आत्यांच्या पायाशी बसून रडले. आत्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बायडाबाईला म्हणाल्या, "बघा, कवाची म्हनती मी."

मिरजेच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. मेलानोमा. जाडी सव्वा मिलिमीटर. डॉक्टर समजावत होते की एक मिलिमीटरच्या आत सापडला तर तो बहुतेक कातडीतच असतो. पुढे जसा खोल जाईल तसा तो जांघेतल्या गाठींकडे निघतो. म्हणजे सगळा हिशेब पाव मिलिमीटरचा. दोन महिन्यांपूर्वी तो किती होता ते कुणीच सांगू शकत नव्हतं. मी विचारलंसुद्धा नाही.

आता कातडी भोवतालून दीड सेंटिमीटर काढायची, मांडीची कातडी तिथे लावायची, जांघेतली पहिली गाठ तपासायची. लवकरात लवकर. मी लगेच हो म्हणणार होते. आत्या म्हणाल्या, "न्हाई."

बाहेरच्या बाकावर मी त्यांना हाताला धरून बसवलं. "आत्या, का?"

"दोन ठिपकं जात्यात त्यात. डाक्टरनं पेनानं काढून दावलं."

"जाऊ देत ना. जीव राहील."

"तुला न्हाई कळायचं," आत्या म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, तेच मला जास्त लागलं. "बाईमानसाचं डागिनं हितंच काढून घेत्यात, बांगड्या हितंच फोडत्यात. वर जाताना गोंदन तेवढं बरूबर जातंय. माझी आय मी अकरा वर्साची असताना गेली. तिनं हेच बघितलंया माझं. पाय धरून बसली व्हती. म्या गेल्यावर ती मला वळकायची कशानं? ह्या सुरकुत्यांनी?"

नर्सिंगच्या पुस्तकात याला उत्तर नाही. अंधश्रद्धा म्हणून मी हे दहा हजार वेळा हाणून पाडलं असतं, पण त्या बाकावर माझ्या शेजारी एक अकरा वर्षांची मुलगी बसली होती. मी म्हणाले, "बायडामावशींकडून परत गोंदून घेऊ. ते दोन ठिपके. मी स्वतः सुया आणून देते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू?"

"मी."

"शप्पत?"

"तुमची शपथ."

"माझी नको. तुझ्या कवडशाची घे," आत्या म्हणाल्या, आणि सहीला उठल्या.

त्याच बाकावरून मी सलमाला फोन केला. शपथेइतकाच तोही जड होता. मी सांगितलं की खरसवाडी नियम चुकीचा आहे, राज्यातले सगळे कवडसे थांबव, आणि चूक माझी आहे. ती म्हणाली, "ताई, आपली." आणि तासाभरात सगळीकडे यंत्रांवर पाटी आली: गोंदण असलेल्या बायकांनी पुन्हा तपासणीला यावं. पेपरात उलटसुलट छापून आलं. साहेबांनी मला बोलावून झापलं. तो भाग मी सोडून देते, कारण त्यात शिकण्यासारखं काही नव्हतं.

शिकण्यासारखं घडलं ते ओसरीवर. आत्या दवाखान्यातून घरी आल्या, जांघेतली गाठ स्वच्छ निघाली, आणि त्याच आठवड्यात सलमा पुण्याहून आली. तिच्याबरोबर चाळीस हजार बायकांच्या गोंदणांचे फोटो होते. बायडाबाई आत्यांच्या खाटेशेजारी मांडी घालून बसली आणि पडद्यावरचे फोटो अंगठ्याने ढकलत गेली. चष्मा नाही, काही नाही.

"ह्ये माझं. ह्ये माझ्या थोरल्या जावेचं, तिचा हात जड. ह्ये जत्रंतल्या मशीनचं. ह्ये गोंदन न्हाई, तीळ हाय, पर निजलेला हाय, बरा हाय." मग मध्येच एखाद्यापाशी थांबायची. "ह्ये कुनाचं न्हाई."

रोज सकाळी दोन तास, असे एकवीस दिवस. सलमा वहीत लिहीत होती. तिसऱ्या दिवशी ती एकदम उठून उभी राहिली. "मावशी, परत सांगा. काजळीवर काय असतं म्हणालात?"

"कातडं. धाब्यावानी. घरावर माती टाकत्यात तसं."

"आणि याच्यावर?"

"ह्याच्यावर धाबंच न्हाई. त्यानं तेच खाल्लंय."

सलमाने मला ते जेवताना उलगडून सांगितलं आणि तिची भाकरी तशीच राहिली. काजळी सुईने एका ठराविक खोलीवर सोडलेली असते, तिच्यावर कातडीचा वरचा थर पुन्हा नवा आणि स्वच्छ वाढतो. मेलानोमा नेमका वरच्याच थराच्या तळाशी जन्मतो आणि आधी तिथेच विस्कट करतो. म्हणजे गोंदणाला स्वच्छ छप्पर असतं, कॅन्सरला नसतं. खोलवरचा लाल प्रकाश काजळीत बुडाला तर बुडू दे. निळ्याने फक्त छप्पर तपासायचं. इतक्या हुशार माणसांनी इतकी वर्षं खाली बघितलं होतं. वर बघा हे सांगायला बायडाबाई लागली.

नव्या कवडशाने आणि बायडाबाईच्या बोटाने मिळून त्या चाळीस हजारांतल्या तेवीस बायका वेगळ्या काढल्या. तपासणीत अकरा जणींना खरोखर कॅन्सर निघाला. आठ जणींचा चेहऱ्यावरचा काळपट बेसल पेशींचा, हनुवटीच्या गोंदणाशेजारी गोंदणासारखा बसलेला. तिघींचा मेलानोमा. त्या तिघींची नावं मला पाठ आहेत. एकीचा पाऊण मिलिमीटरवर सापडला. ते पत्र आलं तेव्हा मी ते आत्यांना वाचून दाखवलं, आणि त्यांनी बायडाबाईला निरोप धाडायला लावला. यंत्र थोरच आहे, मी आजही म्हणते. पण त्याला गुरू मिळाली ती सुयांची डबी जप्त झालेली.

ती डबी मी आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून शोधून आणली होती. गंजलेल्या सुया फेकल्या आणि रिकामी डबी तिला परत दिली. माफी मागितली. ती म्हणाली, "सुया बदलाय पायजेल व्हत्या, ते तुझं खरंच व्हतं. पर सांगितलं असतंस तर बदलल्या असत्या."

सहा महिन्यांनी आत्यांची कातडी नीट धरली. घोट्याखाली आता चपटा, गुळगुळीत, फिकट चौकोन आहे. भोवती तीन ठिपके. आत्यांनी मला शपथेची आठवण करून दिली, आणि मी घाबरले. कारण तोवर मला डॉक्टरांनी दुसरी गोष्ट सांगितली होती. हा आजार परत आला तर बहुधा त्याच जागी किंवा जवळपास येतो. तिथे काजळी घातली तर पुढची पाच वर्षं आम्ही पाहणार कुठे? एका बाजूला शपथ, दुसऱ्या बाजूला पाव मिलिमीटर. आत्यांना नाही म्हणायची हिंमत मला होईना, म्हणून मी पाकीटबंद सुया घेऊन बायडाबाईला बोलावलं आणि तीच काही करेल अशी भित्री आशा धरली.

बायडाबाईने पाय मांडीवर घेतला. फिकट चौकोनावरून अंगठा फिरवला. बराच वेळ.

"सगुणे, हितं न्हाई गोंदायचं."

आत्यांचा चेहरा उतरला. "सपनानं शप्पत घेतलीया."

"असूंदे. हितं काळं घातलं तर ते परत आल्यालं दिसायचं कसं? हितं उजेडाला वाट ठिवायची." तिने पाय खाली ठेवला आणि डबी उघडली. "पर दोन ठिपकं मी तुझं देनं लागती. ते ऱ्हायचं न्हाईत. तुज्याबरूबर जायाचं ते तुज्या माणसाकडं ठिवती. तू गेलीस की मागनं घिऊन यील. तुज्या आयला म्हनावं, थोडी दम काढ."

मग ती माझ्याकडे वळली. "हात आण, शिस्टर."

इतकी वर्षं मी गोंदणाविरुद्ध भाषणं केली. पंचायतीच्या भिंतीवर माझ्या नावाने पाटी रंगवलेली आहे. मी आत्यांकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. मी बांगड्या मागे सारल्या आणि हात पुढे केला.

बायडाबाईने माझी पाकिटं फोडली, एका सुईने होत नाही म्हणून कुरकुरत तीन सुया दोऱ्याने बांधल्या, स्पिरिट मीच लावलं. काजळी आत्यांनी सकाळीच धरून ठेवली होती. म्हणजे त्यांना खात्री होती. पहिल्या टोचणीला मी ओरडले.

"हालू नकोस," आत्या म्हणाल्या. त्या खाटेवरून उतरल्या, दुखरा पाय लांब करून माझ्याशेजारी बसल्या आणि माझं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं.

वर्षभरात ठिपके हिरवे पडले. दर तीन महिन्यांनी मी आत्यांच्या पायावर कवडसा फिरवते. अजून सगळं स्वच्छ आहे. मग आत्या यंत्र माझ्या हातातून घेतात आणि माझ्या मनगटावर धरतात. नव्या कवडशात मी नवं वाक्य भरलं आहे, तो आता आधी विचारतो, "गोंदण दिसतंय. किती ठिपके होते, ते बाईंना विचारा."

"दोन," आत्या त्याला सांगतात. "दोन्ही माझं."